पापणीआडची शीर

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आण्णाच्या मिटलेल्या पापणीवर थंड जेल घातलं आणि त्यावर सोनोग्राफीचं छोटं यंत्र अलगद टेकवलं. आण्णा अंगभर शहारला. मग तसाच डोळे मिटून मला म्हणाला, "दुखणं पोटात, भ्या पायाचं, आन् बघत्यात डोळ्यात. शानी मानसं हायती गड्या."

बाईंना ऐकू गेलं. त्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "डोळे मिटलेलेच ठेवा आणि आतल्या आत सरळ समोर बघा. चेष्टा नंतर करू."

"चेष्टा न्हवं, बाई. आमी बी तेच करतो. मेंढरू खंगाया लागलं की त्येची पापणी खाली वढून बघायची. आतनं लाल असली तर बरं. पांढरीफेक दिसली की समजायचं, पोटात जंत. समदं पोट त्या डोळ्यात दिसतं."

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. आण्णाला तो दिसत नव्हता, मला दिसला. वर एक काळा गोल, म्हणजे डोळा. त्याच्या मागे खाली उतरत गेलेला एक काळसर पट्टा. ती मेंदूकडे जाणारी शीर.

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. विट्याच्या पूर्वेला, पाऊस चुकवतो त्या मुलखात आमचं गाव. आण्णानं जन्मभर मेंढरं राखली. मी मिसरूड फुटायच्या आत गावातल्या एका माणसाबरोबर दक्षिणेत गलाईच्या दुकानात गेलो. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात टाकायचे, त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं. तिथंच माझे केस पिकले. वर्षातून एकदा जत्रेला गावी यायचं, आण्णा त्या वेळी तळावर असायचा, म्हणजे कुठंतरी दूर रानात मेंढरांपाशी. भेट झाली तर झाली. आम्ही दोघं जवळ बसून निवांत बोललो असं मोठेपणी कधी घडलंच नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्याचं मूळ यातच आहे. सबब म्हणून सांगत नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर आण्णा आणि वैनी मेंढरं घेऊन साताऱ्याकडं उतरले होते. एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवली होती. तिथं त्याचं पोट आणि पाठ दुखायला लागली. मुतखडा असेल म्हणून रानमालकानं त्याला मोटरसायकलवर बसवून साताऱ्याला सोनोग्राफीला नेलं. मुतखडा नव्हता. काळजातून निघून छातीतून पोटात उतरणारी मोठी रक्तवाहिनी एका ठिकाणी फुगली होती, सायकलच्या ट्यूबला फुगवटा यावा तशी. फुटली तर माणूस जागेवर जाणार. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन सांगलीला पाठवलं. वैनीचा फोन आला तेव्हा मी भट्टीपाशी होतो. ती म्हणाली, "भावजी, तुमी या. मला ह्यातलं कायबी उमजत न्हाई."

मी आलो. "मला उमजत न्हाई" हे तिचं वाक्य मी फारच मनावर घेतलं.

तर त्या दिवशी बाईंनी सांगितलं ते असं. मांडीतून तार घालून फुगलेल्या भागाला आतून कापडी अस्तर बसवायचं. पण पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक फांद्या त्याच भागातून फुटतात. अस्तरानं त्यांची तोंडं झाकली जातात. बहुतेकांचं शरीर दुसऱ्या वाटेनं रक्त पोचवतं. पण मज्जारज्जू आणि मेंदू ज्या पाण्यात असतात त्या पाण्याचा दाब वाढला तर तेवढंही रक्त आत शिरत नाही, आणि पाय जातात. म्हणून पाठीत एक बारीक नळी घालून ते पाणी गरजेपुरतं काढायचं.

"आणि डोळा?" मी विचारलं.

"डोळ्यामागच्या या शिरेवर म्यान असतं. मेंदूभोवतीचं पाणी या म्यानातही येतं. दाब वाढला की म्यान फुगतं. आज मी त्याची रुंदी मोजून ठेवते. ऑपरेशन चालू असताना बघेन, नंतरही बघत राहीन. पाठीतली नळी आम्हाला दाब सांगतेच, पण ती बंद केली, तुंबली, काढून टाकली, की मग हे उपयोगी पडतं." मग त्या थांबल्या आणि माझ्याकडं बघून सावकाश म्हणाल्या, "पण हा नुसता इशारा आहे. पक्की खबर पायच देतात. शुद्धीवर आल्यावर पाय जड वाटला, मुंग्या आल्या, हलेनासा झाला, तर त्या क्षणी हाक मारायची. वाट बघायची नाही. लगेच कळलं तर पाय परत आणता येतात."

आण्णा उठून बसला. तोंडावरचं जेल धोतराच्या सोग्यानं पुसत म्हणाला, "बाई, पाय ऱ्हातील न्हवं? मेंढक्याचं पाय गेलं तर खाली काय उरतंय?"

"प्रयत्न त्याचाच आहे. शब्द देत नाही."

"खरं बोलती ही," आण्णा मला म्हणाला. तेवढ्यावर त्यानं संमतीच्या कागदावर अंगठा द्यायचं ठरवलं.

बाहेर बाकड्यावर वैनी बसली होती; मेंढरं तिच्या भावावर सोपवून आली होती. रुग्णाजवळ एकानंच थांबायचं, त्याला गळ्यात घालायचा पास मिळायचा. वैनी म्हणाली, "मी बसते त्यांच्यापाशी." मी म्हणालो, "वैनी, आत सगळं इंग्रजीत चालतं. तुला कळायचं नाही. मी बसतो." ती पदर सारखा करून पुन्हा बाकड्यावर टेकली. पास मी गळ्यात घातला. बाईंनी पायाबद्दल जे बजावलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. लपवलं असं नाही. तिला सांगायची गरज आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी होतो ना.

ऑपरेशन चांगलं झालं. आण्णा शुद्धीवर आला तेव्हा सर्जननं पायाची बोटं हलवायला सांगितली. त्यानं दोन्ही पाय गुडघ्यात वर घेतले आणि म्हणाला, "ह्ये बघा. आता सोडा, मेंढरं हाकायची हायती." सगळे हसले. दाराला उभी काच होती, तिच्यातून वैनीला पलंगाचा पायथा दिसायचा. तिनं ते हलणारे पाय पाहिले आणि काचेला कपाळ लावून उभी राहिली.

त्यानंतर नर्स ठरल्या वेळानं यायची, पाय हलवायला लावायची, टाचणीनं टोचल्यासारखं करून विचारायची, समजतंय का. बाई येऊन डोळे मोजून जायच्या. आण्णाला त्या थंड जेलचा कंटाळा आला होता. "आली बघ पापणी वढाया," म्हणायचा. मग ते बाईंच्या तोंडावरही म्हणायला लागला. बाई म्हणायच्या, "जंत सापडले की सांगते."

सगळं ठीक दिसत होतं म्हणून एका सकाळी बाईंनी पाठीतली नळी बंद केली. ती काढण्याआधी बंद करून बघायची रीत असते. मला त्यांनी पुन्हा बजावलं, "आजचा दिवस नाजूक आहे. दाब वाढला तर आजच वाढेल. नर्स आहेच, मी डोळा बघेन, पण तुम्ही सतत इथं आहात. तुमच्यावर माझी भिस्त आहे."

मी मान हलवली.

दुपारी जेवणं झाल्यावरची वेळ. नर्स पाय तपासून गेली होती. पलीकडच्या खोलीत एका म्हातारीचं काहीतरी बिघडलं म्हणून सगळी माणसं तिकडं धावली होती. आमच्या खोलीत एकदम शांतता. खिडकीतून ऊन आण्णाच्या पांघरुणावर आलं होतं. आणि आण्णा बोलायला लागला.

तो माझ्याशी एवढं कधी बोलला नव्हता. आईबद्दल बोलला. आमच्या एका आडदांड एडक्याबद्दल बोलला, ज्यानं मला लहानपणी ओढ्यात ढकललं होतं. "तू चिखलात बसून रडत हुतास, आन् त्यो वर हुबा ऱ्हाऊन तुज्याकडं बघत हुता, मास्तरागत." मी हसलो, तोही पोट धरून हसायला लागला आणि जांघेतले टाके ओढले म्हणून कण्हला. मग माझा हात हातात घेऊन बघत म्हणाला, "तुजी बोटं अशी पिवळी कशानं रं?"

"तेजाबानं."

"हळद लागल्यागत दिसतीत. रोज लगीन तुजं."

मग म्हणाला, "डावा पाय जड झालाय बग जरा. निजून निजून आखडला आसंल."

हे वाक्य मी ऐकलं. ऐकू आलं नाही, लक्षात आलं नाही, असं काहीही झालं नाही. बाईंचे शब्दही आठवले. मी उठायला लागलो.

आण्णानं मनगट धरलं. "बस रं. हाक मारलीस की ती येनार, पापनीला चिखल फासनार, आन् तुला भायेर काढनार. चोळ वाईच. मोकळा हुईल."

आणि मी चोळायला बसलो.

मेंढराच्या मागं फिरणाऱ्या घरात जन्मलेल्याला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. पण इतरांसाठी सांगतो. थंडीवाऱ्यात मेंढी व्याली आणि कोकरू पाय टाकून पडलं, तर दुसरा कुठलाही विचार करायचा नाही. त्याचे पाय चोळायचे. आपला तळवा गरम होईपर्यंत, घोंगड्यात घेऊन, पोटाशी धरून चोळत राहायचं. एकदा तळावर असं एक कोकरू मेलंच म्हणून मी बाजूला ठेवलं होतं. आण्णानं ते उचललं आणि उजाडेपर्यंत चोळलं. सकाळी ते लटपटत उभं राहिलं आणि आईला लुचायला लागलं. आण्णा मला म्हणाला होता, "पाय थंड पडला म्हंजी मेलं न्हाई. हात थांबला की मरतं." ते माझ्या अंगात इतकं मुरलं होतं, की एवढी वर्षं शहरात राहून, डॉक्टरांचं सगळं बोलणं समजून घेऊन, गळ्यात पास घालून, मी भावाचा पाय चोळत बसलो.

पण नुसतं तेवढंच कारण सांगितलं तर ती अर्धीच गोष्ट होईल. खरं कारण मला लिहायला लाज वाटते. मला बरं वाटत होतं. माझा भाऊ मला धरून ठेवत होता, बोलत होता, हसत होता. हाक मारली की हे संपणार होतं. मला ते संपवायचं नव्हतं. नर्स येईल तेव्हा सांगू, असं मी मनाशी म्हणालो. आणि तिला यायला त्या दिवशी उशीर झाला.

आण्णा बोलत राहिला, मी चोळत राहिलो. डावा, मग त्यानं उजवाही चोळायला सांगितला, मी तोही उचलून जवळ घेतला. मी घेतला, त्यानं दिला नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मेंढरं यंदा लवकर परतवायला हवीत, वैनीचा एकटीचा जीव दमतो, असं काहीतरी तो सांगत होता. मग बोलता बोलता थांबला.

"दमलास व्हय रं?" म्हणाला. "का थांबलास?"

मी थांबलो नव्हतो. माझे दोन्ही हात त्याच्या पोटरीवर होते आणि जोरात चालले होते.

मी ओरडलो. माणसं धावली. बाई आल्या, त्यांनी पांघरूण फेकलं. "पाय उचला." आण्णानं उचलला. त्याच्या चेहऱ्यावर तसं दिसलं, की त्यानं उचलला. पाय जागेवर पडून होता. नळी उघडली, रक्तदाब वाढवायची औषधं लावली. हे सगळं चालू असताना बाईंनी पापणीवर यंत्र ठेवलं. पडदा मला दिसत होता. शिरेचा तो काळसर पट्टा सकाळपेक्षा रुंद झाला होता. माझ्यासारख्याला कळावा इतका.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं. "पाय जड कधीपासून वाटतोय?"

"आत्ताच," मी म्हणालो. "आत्ता म्हणाला, लगेच हाक मारली."

बाईंनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आत्ताच?"

"हो."

आण्णाचा एक डोळा यंत्राखाली होता. दुसरा उघडा होता, तो माझ्यावर होता. त्यात राग नव्हता. त्याहून वाईट काहीतरी होतं. लहानपणी मी कुणाचं रान तुडवलं आणि मालक आला की तो जसा माझ्या पुढं येऊन उभा राहायचा, तसं त्या डोळ्यात होतं. "व्हय बाई," तो म्हणाला, "आत्ताच."

पाय परत आले नाहीत. उजव्या पायाची बोटं पुढं कधीतरी जराशी हलायला लागली, तेवढंच. मी बाईंना एकदा गाठून विचारलं, जरा आधी कळलं असतं तर? त्या थकल्या होत्या. म्हणाल्या, "कधी कधी वेळेत कळूनही पाय जातात. नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण अशा वेळी प्रत्येक मिनिट आमच्या बाजूचं असतं." मग म्हणाल्या, "तुम्ही तर लगेच सांगितलंत." हे त्यांनी विचारलं की सांगितलं, ते मला आजही कळलेलं नाही. मी मान खाली घातली आणि निघून आलो.

आण्णाला गावी आणलं. अंगणात वाघरीला लागून खाट टाकली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. वैनी त्याला कुशीवर वळवायची, धुवायची, मेंढरांचं बघायची. तिच्या भावाचा हातभार होता म्हणून निभावलं. संध्याकाळी कळप आला की आण्णा डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, अमकी लंगडतीया, तमकी मागं ऱ्हायली. बघायला येणाऱ्यांना वैनी म्हणायची, "भावजी पाशी हुते म्हनून. लगीच कळलं, न्हाईतर जीव बी गेला आसता." आणि आण्णा खाटेवरून दुजोरा द्यायचा, "माज्या भावानं डोळ्यात तेल घालून राखलं." ते ऐकताना मी खाली बघायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा. आण्णा मला झाकत होता, की त्या शब्दांनी रोज थोडं थोडं चटके देत होता? मला कधी विचारता आलं नाही. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर तो गेला.

दुकान मी एका चुलत पुतण्याच्या हवाली केलं आणि विट्यात येऊन राहिलो. बोलत मी आधीही कमीच होतो. मग अगदीच गप्प झालो. लोक म्हणाले, भावाच्या जाण्यानं खचला.

यंदा वैनीच्या त्याच भावाला छातीत दुखायला लागलं. बायपास सांगितली, सांगलीलाच. वैनी विट्याला माझ्या दारात आली. पायातल्या वहाणा बाहेर काढून उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "भावजी, तुमीच चला. तुमी त्येच्यापाशी बसा. तुमी आसला की लगीच कळतं."

मी तिला पाणी दिलं. आणि मग माझ्या तोंडून सगळं बाहेर आलं. आण्णा काय म्हणाला, मी कसा उठलो, कसा बसलो, किती वेळ चोळत राहिलो, बाईंना काय सांगितलं. बरं वाटत होतं म्हणून हाक मारली नाही, हेसुद्धा सांगितलं.

वैनीनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "मला दिसत हुतं."

मला कळेना.

"म्या काचेतनं बघत हुते. तुमी पाय चोळताना दिसत हुता. त्यांचं तोंड दिसत न्हवतं, पाय दिसत हुतं. म्हनलं, भाऊ भावाचं पाय चोळतोय. लय दिसांनी आलाय, चोळू दे. मला लय बरं वाटलं." तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. "मला कुनी सांगितलंच न्हाई भावजी, की पाय जड झाला तर हाक मारायची. येवडं येक मला सांगितलं आसतं, तर म्या ती काच फोडली आसती."

मी तिच्या पायाशी वाकायला गेलो. तिनं पाय मागं घेतले.

"त्या टायमाला ते काय बोलत हुते?"

मी सांगितलं. आई, एडका, माझी पिवळी बोटं. आणि मेंढरं लवकर परतवायची, तुझा जीव एकटीचा दमतो, असं म्हणाला तेही सांगितलं.

"हसले?"

"हसले. टाके ओढले इतके हसले."

"नंतर कवाच हसले न्हाईत तसं," ती म्हणाली. आणि मग अगदी साध्या आवाजात, बाजारात आपली पिशवी दुसऱ्यानं उचलली तर म्हणावं तसं, म्हणाली, "ती दुपार माजी हुती भावजी. म्या मागितली हुती. पास तुमी गळ्यात घातला."

ती उठली. वहाणा घातल्या. वाटेला लागून पुन्हा वळली. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंगळवारी गाडीनं चला माज्यासंगं. कागदं-बिगदं वाचायची तुमी. पर आत मी बसनार. आन् डाक्टर जे सांगतील ते समदं मला सांगायचं. माज्या भाषेत. काय गाळायचं न्हाई."

मंगळवारी आम्ही सांगलीला गेलो. डॉक्टर बोलले ते मी शब्द न् शब्द तिला सांगितलं, तिनं दोनदा विचारलं ते दोनदा सांगितलं. पास तिनं हात पुढं करून घेतला आणि गळ्यात घातला. ऑपरेशन झालं. ती आत गेली.

ते हॉस्पिटल तेच होतं, मजलाही तोच. बाकडंही तेच असावं. मी त्यावर बसलो. काचेतून पलंगाचा पायथा दिसत होता, पांघरुणातून बाहेर आलेले दोन पाय, आणि त्यांच्याजवळ उभी असलेली वैनी. तिनं पायांना हात लावला नाही. नुसती बघत होती. मग एका पायाचा अंगठा हलला, तिनं मान डोलावली, आणि दाराकडं पाठ करून खुर्चीवर बसली.